टाकीवरची खरखर

दिनेशची टाकी शेवटी खराब झाली. अगदी मनासारखी खराब झाली. पण हे आपण ऐकलंच नाही असं धरून चालू, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा टाकी आरशासारखी चकचकीत होती आणि सगळं दुखणं तिथंच होतं.

मोटरसायकल दिनेशच्या बापाची, खुशालची. खुशाल घुग्घुसला रस्त्याकाठी ट्रकचे बंपर, बोनेट, दरवाजे रंगवायचा. तो गेला आणि गाडी अंगणात उभ्या उभ्या गंजली. यंदा नीलाबाईनं, म्हणजे दिनेशच्या आईनं, जाहीर केलं की बुद्धपौर्णिमेला चंद्रपूरच्या विहारात जाईन तर त्याच गाडीवर. खुशाल होता तोवर ती दरवर्षी तशीच जायची, मागे आडवी बसून, मांडीवर खिरीचा डबा घेऊन.

दिनेशचं मुलचेऱ्याला स्वतःचं रंगकामाचं दुकान. त्यानं पेट्रोलची टाकी, मडगार्ड आणि साइड कव्हर खोलून तिकडे नेले आणि बापानं शिकवलं तसं काम केलं. उन्हाळ्यात एनॅमल मारायचा तर ऊन चढायच्या आत. आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, म्हणजे धूळ बसते. पत्र्याला गाल लावून बघायचं, गार लागला तरच रंगाची गन उचलायची. थिनर हळू सुकणारं घ्यायचं, नाहीतर रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत वाटेतच वाळतो आणि टाकीवर रंगाऐवजी रंगाचं पीठ बसतं. गालाचा नियम तर दिनेश इतका पाळायचा की मुलचेऱ्यात पक्की समजूत होती, हा गडी टाकीचा मुका घेतल्याशिवाय कामाला हात लावत नाही.

हिरवा रंग असा बसला की टाकीत बघून दाढी करावी. दिनेशनं सगळं घुग्घुसला आणून गाडीवर चढवलं आणि आईला बोलावलं. नीलाबाईनं टाकीवरून तळवा फिरवला. पुन्हा फिरवला.

"कोनाची गाडी आनली बाबू?"

"बाबाचीच हाय माय."

"तुह्या बाबाची गाडी हाताले लागत होती. हे तं ताट हाय."

एवढं बोलून ती आत गेली आणि पोळ्या लाटता लाटता तिनं बसची चौकशी केली. त्या घरात भांडणं आवाज चढवून होत नसत. तिथं कुणी बसची वेळ विचारली की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

दिनेशला मग आठवलं. लहानपणी तो त्याच टाकीवर बसायचा. बाकी पोरांच्या बापांच्या टाक्या गुळगुळीत, ब्रेक दाबला की पोरगं थेट हँडलवर. खुशालच्या टाकीला मात्र मांजराच्या जिभेसारखी खरखर होती. मांड्या लाल व्हायच्या, पण दिनेश जागचा हलायचा नाही. रेल्वे फाटकाशी गाडी हिसका देऊन थांबली की मागून नीलाबाईचा हात खुशालच्या कमरेवरून पुढे यायचा, पोरगं आहे का ते चाचपायला. हाताला आधी टाकीची खरखर लागायची आणि मग दिनेशचा गुडघा. दोन्ही जागेवर असले की हात परत जायचा.

ती खरखर आली कुठून, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. जुन्या काळचा रंगच तसा असेल असं तो धरून चालला होता. मुलचेऱ्याला परत जाऊन त्यानं नवा हात मारला आणि ओल्या रंगावर चहाच्या गाळणीतून कोळशाची पूड भुरभुरली. टाकी दिसायला हिरव्या अनारशासारखी झाली. नीलाबाईनं हात लावला आणि विचारलं, खिडकीजवळची जागा मिळन का?

शेवटी तो झिंगूभाऊकडे गेला. झिंगूभाऊ आणि खुशाल एकाच कॉम्प्रेसरवर काम करायचे. खुशाल गेल्यापासून झिंगूभाऊ त्याच रस्त्याकाठी खाटेवर बसून दुसऱ्यांच्या रंगकामाला नावं ठेवायचा. त्यानं टाकी बघितली आणि आधी पोट धरून हसून घेतलं.

"तुह्या बापानं सकाळ गिऱ्हाइकाले देल्ली," तो म्हणाला. "सावलीबी गिऱ्हाइकाले. सोताच्या गाडीले दुपार उरली. मी म्हनलो, खुशाल, पत्रा तापला हाय, धुरळा उडून राह्यला, काऊन मारतं? तं म्हने, बसू दे धुरळा, पोरगं घसरत नाई."

दिनेशनं टाकीवरची कोळशाची पूड नखानं खरवडायला घेतली.

म्हणजे आता घुग्घुसलाच, भर दुपारी, रस्त्याकाठी टाकी रंगवायची. एवढं सोपं. पण रस्ता ओला होता. धुळीवर पाणी मारा म्हणून गावानं वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. त्यातल्या एका मोर्चात खुद्द दिनेश बापाच्या खांद्यावर बसून घसा फाटेस्तोवर ओरडला होता. ती मागणी यंदा मंजूर झाली होती. जिल्ह्यात दुसरं काही वेळेवर येवो न येवो, टँकर रोज दुपारी वेळेवर यायचा. दिनेश आपल्याच घोषणेचं फळ बघत रोज टाकी घेऊन बसायचा आणि रोज कोरडी टाकी घेऊन उठायचा.

एके दिवशी टँकरचं चाक बसलं आणि रस्ता कोरडा राहिला. दिनेशनं घाईनं टाकी उन्हात ठेवली. तापली का बघायला सवयीनं गाल लावला आणि गाल भाजून घेतला. झटकन सुकणारं थिनर ओतलं, गन हातभर लांब धरली आणि बापानं शिकवलेलं एकूणएक मोडलं. झिंगूभाऊला ते बघवेना, त्यानं खाटेवर कूस बदलली. तेवढ्यात ट्रक आला. ओला रंग दिसताच ड्रायव्हरनं सज्जनपणे गाडी हळू केली. दिनेश गन घेऊन मागे धावला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, जोरात ने ना." ड्रायव्हरनं एकदा त्याच्या भाजलेल्या गालाकडे बघितलं आणि जीव घेऊन पळाला. मागे धुळीचा ढग उठला आणि सावकाश टाकीवर बसला.

संध्याकाळी नीलाबाईनं तळवा फिरवला. हात मध्येच थबकला, मग थोडा पुढे सरकला, जिथं कधीकाळी एक गुडघा असायचा तिथवर.

"पौर्निमेले दूध जास्तीचं आन," ती म्हणाली. "खीर कराची हाय." मडगार्डाकडे बोट दाखवून पुढे म्हणाली, "अन् हे ताटं?"

दुसऱ्या दिवशी टँकर दुरुस्त होऊन वेळेवर आला. तेव्हा दिनेशनं खाटेवर बसून, झिंगूभाऊला साक्षीदार ठेवून, अर्ज लिहिला:

"विषय: रस्त्यावर एक दिवस पाणी न मारण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, अर्जदाराच्या टाकीचे काम समाधानकारकरीत्या बिघडले असून मडगार्ड व साइड कव्हर अद्याप चांगल्या स्थितीत आहेत. तरी बुद्धपौर्णिमेपूर्वी कोणतीही एक दुपार टँकर बंद ठेवावा, सदर वेळेत दोनचार ट्रक जोरात सोडावेत, व त्या दिवशी आभाळ येणार नाही याची संबंधितांनी दक्षता घ्यावी, ही नम्र विनंती."