ठिणगीवरचा उपाय

मित्रांनो, काड्यापेटीएवढा, पारदर्शक टोपी घातलेला मी एक जुना रिले आहे. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. एका कारखान्यात, भिंतीवरच्या लोखंडी पेटीत माझं आयुष्य गेलं. पेटीसमोर अवजड साचे उचलणारा होइस्ट होता आणि त्याच्या ब्रेकची वीज माझ्या हाती होती. वीज मिळाली की ब्रेक सुटे. मी ती तोडली की स्प्रिंग ब्रेक आवळे आणि वजन जागच्या जागी थांबे.

तोडताना मात्र माझ्या चांदीच्या टोकांमध्ये ठिणगी उडे. ब्रेकच्या कॉइलमधली, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातली, वीज सहजासहजी हार मानत नाही. टोकं काळी पडत, खडबडीत होत. माझ्या आधीचे रिले असेच जळून गेले होते.

तिथला वायरमन आणि होइस्ट चालवणारा नात्यातले. चालवणारा हा वायरमनच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो वायरमनला दाजी म्हणे.

या दाजींना माझी दया आली. त्यांनी ब्रेकच्या कॉइलला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, जोडला. "आता हा म्हातारा होऊनच जाईल," ते म्हणाले. खरंच, ठिणगी नाहीशी झाली. इतका आराम मला कधीच मिळाला नव्हता.

पण थोड्याच वेळात मेहुण्याने काम थांबवलं.

"दाजी, हा उशिरा थांबतोय. बटण सोडलं तरी वजन घसरतं."

"उशिरा तू उठतोस, होइस्ट नाही. विचार तुझ्या बहिणीला."

मेहुणा हसला नाही. "खाली माणसं साचे बसवतात, दाजी. मी नाही चालवणार."

दाजी चिडले. तरी त्यांनी सगळ्यांना लांब केलं, वजनाखाली एक रिकामं लाकडी खोकं ठेवलं आणि बटण स्वतःच्या हातात घेतलं. वजन खोक्याच्या वर थांबायला हवं होतं. दाजींनी बोट उचललं. खोक्याच्या फळ्या कडाकडा मोडल्या.



मग दाजींनी होइस्ट बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या इंजिनिअर बाई जवळजवळ ओरडल्याच. "ब्रेकवर नुसता डायोड? अहो, वीज त्यातून फिरत राहते आणि ब्रेक लवकर लागतच नाही. आधी होइस्ट बंद करा!"

दाजींनी वजन जमिनीवर टेकवलं. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. वीज खरोखर गेली आहे ना, हे टेस्टरने पाहिलं. मगच डायोड काढला आणि बाईंनी सांगितलेला व्हॅरिस्टर बसवला. तो ठिणगी आवरतो, पण ब्रेकला ताटकळत ठेवत नाही. आधी रिकामा, मग वजनासह होइस्ट चालवून पाहिला. खाली कोणी नव्हतं. वजन जिथल्या तिथे थांबलं.

"काय रे, आता?" दाजींनी विचारलं.

"आता चालवतो."

"मघाचं मनावर घेऊ नकोस."

"छे! फक्त ताईच्या कानावर घालणार आहे."

माझी ठिणगी परत आली, जरा लहान होऊन. टोकं झिजली तसं मला काढून नवा रिले बसवला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला टिकवणं हे काम नव्हतंच, वजन थांबवणं हे काम होतं.

म्हणून मित्रांनो, यंत्रात काही बदल करण्याआधी वीज तोडा, बनवणाऱ्याला विचारा, बदलानंतर तपासून पाहा. आणि ते यंत्र रोज चालवणारा माणूस 'नाही चालवणार' म्हणाला, तर तुम्हीही थांबा.