लाल निशाण

वीतभर पत्रा, टोकाला वाकलेला... खिडकीतून वेंडेल तेवढंच बघत बसला होता: रस्त्याकडेच्या टपालपेटीवरचं लाल निशाण. उभं होतं. म्हणजे लिफाफा आतच, पोस्टमन यायचाय; लिफाफा नेताना तो निशाण खाली पाडतो. लिफाफ्यात मतदार नोंदणीचा अर्ज. शेत विकून या गावात आल्यामुळे एक्क्याऐंशीव्या वर्षी नव्यानं नाव घालायचं. खुब्याचं हाड मोडलेलं, कचेरी बावीस मैलांवर, म्हणून टपालानं. आणि मुदत आजच संपते; टपालाचा आजचा शिक्का बसला नाही, तर या निवडणुकीपुरता वेंडेल नावाचा इसम नेब्रास्कात राहतच नाही.

लिफाफा पेटीत टाकायला नेला शेजारच्या लोर्नानं. अंगणात विरुद्ध पक्षाची पाटी लावणारी लोर्ना. "द्या इकडे, वेंडेल," ती म्हणाली होती, "नाही खात मी तुमचं मत. आधीच वजन वाढलंय."

निशाण तिनं उभं केलं, हे दिसलं. पण लिफाफा? ती पाठमोरी होती, आणि लोर्नाची पाठ काही अरुंद नव्हे. शिवाय जाकिटाला खिसे चार. माणसाला चार खिसे लागतात कशाला?

...माझ्या ट्रकला खण एकच होता. सव्वीस वर्षांपूर्वी, बायकोचं, व्हर्नाचं, ऑपरेशन झालं तेव्हा, तिचा असाच एक अर्ज, टपालानं मत देण्याचा, मी त्या खणात ठेवला – पकडीखाली. तिचं मत माझ्या मताला खाऊन टाकणार, हे दोघांनाही ठाऊक. चोरी नव्हे, विसरलो. रोज सकाळी आठवणीनं विसरत होतो. "टपाल टाकलंस ना?" बटाटे सोलता सोलता तिनं विचारलं. टाकलं म्हणालो. पुढं तिची सगळी पत्रं, वाढदिवसाची कार्डंसुद्धा, ती स्वतः दीड मैल चालत जाऊन टाकायची. मी लोकांना सांगायचो, व्हर्नाला चालायचा नाद लागलाय, गुडघ्यांना बरं...

वेंडेलनं मान वर केली. निशाण खाली पडलेलं होतं.

पोस्टमन येऊन गेला? गाडीचा आवाज तर... की आलाच नव्हता?

कुंपणापाशी पानं ओढत असलेल्या लोर्नानं हात हलवला. "गेलं बघा तुमचं!"

त्यानं खिडकी वर सरकवली. विचारायचंच होतं. पण "टाकलंस ना?" हे शब्द ओठांवर आले ते व्हर्नाच्या आवाजात, मान खाली घालून, सालं काढत... आणि आठवलं, मी 'टाकलं' म्हणालो तेव्हा तिची सुरी क्षणभर थांबली होती.

"काही म्हणालात?" लोर्नानं विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली. हो की नाही, त्याचं त्यालाही कळलं नाही.