सिस्टरची बोटं

सिस्टरनं झोपलेल्या नवऱ्याचं मनगट धरलं आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. नाडी लागेना. दुसरं मनगट धरलं, मानेशी बोटं दाबली. कुठेच काही नाही.

ती नुकतीच तळ्यावरून पोहून आली होती. गुडघ्यांसाठी धरलेलं पोहणं आता अंगात भिनलं होतं. पाणी कितीही गार असो, खाडा नाही. गुडघे सुधारले, झोप लागू लागली, सर्दी पळाली. कुडकुडणंसुद्धा बंद झालं, आणि त्याची तिला कोण फुशारकी! नवरा म्हणायचा, बदकाशी संसार करतोय मी. त्याचं हृदयाचं दुखणं जुनं, म्हणून तळ्यावरून आल्या आल्या त्याची नाडी बघायची, हा तिचा शिरस्ता. साऱ्या वॉर्डात तिची बोटं नावाजलेली.

तीच बोटं सांगत होती, माणूस गेला. छाती हलतेय का, एवढं बघायचंही तिला सुचलं नाही. तिनं खालच्या मजल्यावरून नणंदेला बोलावलं. नणंदेनं दारातूनच असा गळा काढला, की गेलेला माणूस दचकून उठून बसला.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

नणंद मटकन खाली बसली. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला, नर्स म्हणे नर्स! सिस्टरला रडूही येत होतं आणि हसूही. बोटं गारठली असतील, होतील ठीक, असं तिनं मनाला समजावलं.

दुपारी वॉर्डात हात चांगले शेकून तिनं स्वतःची नाडी बघितली. लागली नाही. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, ती टोचलेली तिला फक्त दिसली. पोहून आल्यावर बोटं पांढरीफटक पडत असतील, तेव्हा काय करायचात, त्यांनी विचारलं.

"चोळायचे," ती म्हणाली. गार पाण्यानं नसा दुखावल्यात, चोळण्यानं आणखीच, संवेदना परत येईल की नाही सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

"उद्या मेट्रनना सांगून टाकते," घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली. "या बोटांवर कुणाचा जीव सोपवायचा?"

त्यानं मनगट पुढे केलं. तिनं बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग वाकून त्याच्या छातीला कान लावला. तो काहीतरी बोलायला लागला.

"बोलू नका हो," ती म्हणाली, "मोजतेय."