ग्रँड कॅनॉलकाठचा आग्रह

व्हेनिसला जायचा हट्ट सुरेखाताईंचा होता. आजवर त्या जिथे गेल्या ते नवऱ्याच्या मनाने: देवदर्शनं, त्यांच्या भाचरांची लग्नं आणि धरणं. दीनानाथराव पाटबंधारे खात्यात होते, तेव्हा सहल म्हटली की धरण ठरलेलंच. बाई बिचारी डबा सोडून सांडव्याकडे बघत बसायची.

व्हेनिसचंही त्यांना तसं काही पडलं नव्हतं. त्यांना जायचं होतं शेजारच्या बुरानो बेटावर. तिथल्या बायका लेस विणतात, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. त्या लेसमधल्या गुलाबांच्या पाकळ्या चक्क उभ्या राहत होत्या! जन्मभर क्रोशाची सुई चालवूनही सुरेखाताईंची फुलं कापडासारखी पसरलेली. मग या पाकळ्या उभ्या राहतात कशा? पाच-पन्नास वेळा व्हिडिओ मागेपुढे केला, पण नेमकी गंमत यायची वेळ झाली की तो मेला कॅमेरा नावेकडे वळायचा.

"मला ते हात जवळून बघायचेत," त्या म्हणाल्या. "भारतात परत जायच्या आत एकदा बघू दे. पुन्हा काही मागणार नाही."

लेक गिरिजा आयर्लंडमध्ये, नास नावाच्या गावात राहायची. औषधांच्या कारखान्यात नोकरी. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आई-बाबा तिच्याकडे आले आणि मे महिन्यातली व्हेनिसची तिकिटं निघाली. पुढे काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. व्हेनिस राहिलं, परतीचं विमान राहिलं, आणि घरापासून पाच किलोमीटरच्या आत काय असेल ते आपलं.

व्हेनिसचं विमान सुटायचं होतं त्या दिवशी सुरेखाताईंनी सकाळपासून क्रोशाची सुई हातात धरली नव्हती. नात स्वानंदी आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिने आजीचा हात धरून तिला घरामागच्या कालव्यावर नेलं. पाटी होती 'ग्रँड कॅनॉल'. व्हेनिसच्या मोठ्या कालव्याचंही हेच नाव!

"धिस इज व्हेनिस, आजी. अँड दॅट्स युअर आयलंड." लव्हाळ्याच्या एका पुंजक्यावर हंसीण अंडी उबवत बसली होती.

"गाळ काढायला झालाय," मागून दीनानाथराव म्हणाले.

सुरेखाताईंचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. काठावर एक बुटकं घर होतं, त्याच्या खिडकीला पांढरा पडदा, आणि पडद्याच्या काठाला गुलाब. पाकळ्या उभ्या!

घर नोरीनचं. ऐंशीला टेकलेली, एकटी राहणारी बाई. दुसऱ्या दिवशी सुरेखाताईंनी शंकरपाळे तळले, बशी दगडी कुंपणावर ठेवली आणि नियमाप्रमाणे मागे सरकून उभ्या राहिल्या. नोरीन हसली आणि म्हणाली, "आह नो, आय अ‍ॅम ग्रँड."

सुरेखाताई बशीसकट परत आल्या. तोंड फुगलेलं.

"खायला विचारलं तर म्हणते, मी भव्य आहे! असशील बाई. आमचे शंकरपाळे तुला कशाला लागतात?"

स्वानंदी सोफ्यावर लोळून हसली. "आजी, इट जस्ट मीन्स नो थँक्स!"

"म्हणजे नुसतं 'नको'?" सुरेखाताई ताडकन उठल्या. "अगं, मग मी आग्रहच केला नाही की! पहिल्या 'नको'ला कोणी बशी उचलून आणतं का? काय म्हणेल ती मला!"

त्या तशाच परत गेल्या. "प्लीज," त्या म्हणाल्या. "आय अ‍ॅम ग्रँड," नोरीन म्हणाली. "थोडं तरी," त्या मराठीतच म्हणाल्या. नोरीनने पुन्हा मान हलवली, पण हात कुंपणाकडे निघाला होता. तिसऱ्या आग्रहाला बशी आत गेली. तिथेही तिसऱ्यांदाच घेतात, हे कळून सुरेखाताईंना फार बरं वाटलं.

मग त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि सुई चालवल्यासारखी बोटं हलवली. पडदा नोरीनच्या आईने विणलेला होता. पूर्वी इथल्या बायकांनी व्हेनिसची लेस पाहून तशीच क्रोशावर करायला घेतली, असं नोरीनने सांगितलं; मागून आलेल्या दीनानाथरावांनी ते मराठीत समजावलं. ती स्वतः व्हेनिसला कधी गेली नव्हती. पण विणून दाखव म्हटल्यावर तिने सुजलेली बोटं पुढे केली. आता होत नाही, म्हणाली. याही 'नको'ला सुरेखाताईंनी तीनदा आग्रह केला.

नोरीन खुर्ची घेऊन कुंपणाशी बसली. सुरेखाताई दोन मीटरवर, आणि तिथून बारीक टाके काही केल्या दिसेनात. इतकं जवळ येऊन घास तोंडातून निसटणार म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. दीनानाथराव घरी गेले आणि व्हेनिसचे घुमट बघायला घेतलेली दुर्बीण घेऊन आले. दुर्बिणीतून फार जवळचं दिसत नाही, म्हणून त्यांनी बायकोला आणखी मागे, थेट पाण्याच्या काठापर्यंत नेलं आणि तिचा दंड घट्ट धरून ठेवला.

"आता बघ. पडणार नाहीस."

आणि दिसलं! नोरीन नुसती साखळी विणत नव्हती. ती एका जाड दोऱ्यावरून टाके घालत होती, मग तो दोरा हलकेच ओढत होती. दोरा पोटात घेऊन पाकळी उभी राहत होती.

"अहो, आत दोरा आहे!" सुरेखाताई ओरडल्या. लव्हाळ्यातली हंसीण मान वर करून बघू लागली.

ऑगस्टमध्ये परतीच्या खास विमानाची तिकिटं मिळाली. निघताना सुरेखाताईंनी नोरीनला शेवटचे शंकरपाळे दिले. नोरीनने कुंपणावर एक कागदाची घडी ठेवली. आत तिच्या आईच्या पडद्याचा काठ होता, सगळे गुलाब उभे. मागे खिडकी मोकळी दिसत होती.

एवढं कसं घ्यायचं? सुरेखाताईंनी मान हलवली.

"आय अ‍ॅम ग्रँड," त्या कशाबशा म्हणाल्या.

"गो ऑन," म्हणत नोरीनने घडी पुढे सरकवली.

"आय अ‍ॅम ग्रँड."

"आह, गो ऑन."

सुरेखाताईंना तिसऱ्यांदा 'नको' म्हणताच आलं नाही. नोरीनने मात्र तिसरा आग्रहही केला, आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.