पेनरालतची मागची भिंत

तुम्ही बसला आहात तिथल्या भिंतीला जरा पाठ टेकवा. आता समजा, ती भिंत मातीची आहे. माती आणि पेंढा पायांनी तुडवून रचलेली, दोन हात जाड. बाहेरून चुना दिलेला. पावसात ती थोडं पाणी पिते, ऊन पडलं की सोडून देते. तिचा हा श्वास चालू असेल तर ती तीनशे वर्षं उभी राहते.

वेल्समधलं पेनरालत हे असंच एक घर. सरकारच्या जतन करायच्या यादीत त्याचं नाव आहे, म्हणजे लेखी परवानगीशिवाय तिथे काही बदलायचं नाही. तिथे इथेल नावाचे म्हातारे एकटे राहायचे. त्यांची नात मॅब्ली माझ्या वर्गात होती. ती त्यांना ‘टाडकी’, म्हणजे आजोबा, म्हणायची. दर वसंतात टाडकी शिडीवर चढून घराला स्वतः चुना द्यायचे.

ऐंशीव्या वर्षी ते शिडीवरून पडले आणि दोन महिने इस्पितळात राहिले. तेवढ्या काळात त्यांच्या मुलाने, इवोरने, ठरवलं की आता शिडी बंद. परवानगीचं विचारल्यावर तो चिडून म्हणाला, “कागद यायला सहा महिने. तोवर पाऊस काय थांबून राहणार आहे?” सलग दोन शनिवार राबून त्याने मागच्या भिंतीला एकट्याने सिमेंटचा गिलावा केला.

टाडकी घरी आले. काठी टेकत मागे गेले. भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “छान गुळगुळीत केलंस रे.”

त्यानंतर चार हिवाळे गेले. भिंतीने प्यायलेलं पाणी सिमेंटमागे कोंडलं, आणि आतल्या खोलीला कुबट वास येऊ लागला. मॅब्ली नऊ वर्षांची झाली त्या मार्चमध्ये भिंतीला पोट सुटलं. जिल्हा कचेरीतून लोवरी नावाची बाई पाहायला आली. तिने छिन्नीने सिमेंटचा एक टवका उडवला. आतली माती लापशीसारखी ओघळून तिच्या बुटांवर पडली.

“हा गिलावा कोणी केला?” तिने विचारलं.

इवोर मान खाली घालून उभा होता.

“मी,” टाडकी म्हणाले.

लोवरीने त्यांच्या काठीकडे पाहिलं, आणि वहीत काहीच लिहिलं नाही. “आजच्या आज इथून निघायचं, आजोबा. छताला टेकू लावू आपण. पण भिंतीचा भरवसा नाही.”

टाडकी इवोरच्या घरी राहायला गेले. तिथल्या खुर्चीवर ते कोट घालूनच बसायचे, जणू कोणी घ्यायला येणार आहे. चौथ्या दिवशी भिंत पडली.

सगळे धावत गेले, लोवरीही आली. छत टेकूंवर तगलं होतं, पण टाडकींचा पलंग उघड्यावर दिसत होता.

“बाबा, सिमेंटने असं होतं हे तुम्हाला माहीत होतं?” इवोरने विचारलं.

“होतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात? शिव्या घालायच्या मला! दुसऱ्या दिवशी सगळं खरवडून काढलं असतं.”

“तुझे हात बघितले मी तेव्हा,” टाडकी म्हणाले. “सिमेंटने फाटून रक्त आलं होतं. त्या हातांना काय बोलू?”

 एवढा दांडगा इवोर, पण तोंड झाकून हमसाहमशी रडला.

लोवरीने ढिगातली मूठभर माती उचलली. “ही माती मेलेली नाही,” ती म्हणाली. “पेंढा घालून तुडवायची आणि हातभर उंचीची भिंत रचायची. ती वाळली की पुढचा थर. दोन उन्हाळ्यांत उभी राहील.”

“दोन उन्हाळे!” टाडकी हसले. “वय बघ की माझं, पोरी!”

बाकी कोणी हसलं नाही. टाडकी आपल्या पलंगाकडे बघत राहिले.

मॅब्लीने बूट काढले. मोजे काढून बुटात कोंबले. मग त्या बर्फगार चिखलात उतरली आणि दोन्ही पायांनी माती तुडवायला लागली.