तेरा खुणा

एलादिओने गोळी बायकोच्या, सातुर्निनाच्या, तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि भिंतीकडे वळून कॅलेंडरवर खूण केली. बुधवार, दुपारचे दोन. शनिवारी इस्पितळातून घरी आल्यापासूनची ही तेरावी खूण. सगळ्या एका उंचीच्या, एकाच बाजूला कललेल्या. जमीन नोंदणीच्या कचेरीत त्याने तीस वर्षं कारकुनी केली होती. नोकरी सुटली तरी हाताचं वळण सुटलं नव्हतं.

"घेतलीस?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"घेतली."

"मग आता जरा खोकून बघ."

सातुर्निनाने उशी पोटाशी घट्ट धरली, घशातल्या घशात एक आवाज काढला आणि डोळे मिटून घेतले.

"हा काय खोकला? मांजर शिंकल्यासारखं झालं."

"तुला एवढी हौस असेल तर तूच खोक."

तो हसला नाही. तिचं पित्ताशय काढलं होतं. उजव्या बरगडीखाली वीतभर टाके होते. घरी सोडताना डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, दुखणं अंगावर काढू द्यायचं नाही. दिवसाला तीन गोळ्या, ठरल्या वेळी. तीनच्या वर मात्र एकही नाही, कारण जास्त झाल्या तर श्वास मंदावतो. गोळीने दुखणं दबलं की बाईला दीर्घ श्वास घेता येईल, खोकता येईल, चालता येईल. नाहीतर छातीत कफ धरतो, आणि साठीनंतर ते बरं नव्हे. एलादिओने यातला शब्द न् शब्द पाळला होता. तरी पाचव्या दिवशीसुद्धा सातुर्निना अंगणातल्या आंब्यापर्यंत जाऊ शकत नव्हती. श्वास उथळ घेत होती, आणि कूस बदलताना दाताखाली चादर धरत होती.

आपलंच काही चुकतंय का? औषध उन्हात राहिलं का? त्याने गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून तारीख पाहिली. तारीख पुढच्या वर्षाची होती.

चार वाजता त्याने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि काखेत मारून आरोग्य केंद्रात गेला.

नर्स लिब्रादा तिथे एकटीच होती. एके काळी ती त्याच्या मुलीच्या वर्गात होती. मुलगी आता ब्युनोस आयर्सला होती आणि आईची खुशाली रोज फोनवर विचारत होती. एलादिओ रोज "छान आहे" म्हणून सांगत होता.

"ताप?" लिब्रादाने विचारलं.

"नाही."

"टाके लाल झालेत? पू?"

"नाही."

"गोळ्या वेळेवर जातात का? खरं सांगा, काका. बायका विसरतात आणि नवरे पांघरूण घालतात."

एलादिओने कॅलेंडर टेबलावर पसरलं. लिब्रादाने खुणांवरून बोट फिरवलं. मग फोन उचलून डॉक्टरांशी बोलली. "हो, पूर्ण मात्रा... नाही डॉक्टर, एकही चुकलेली नाही, माझ्यासमोर लिहिलेलं आहे," असं ती म्हणाली तेव्हा एलादिओला क्षणभर बरं वाटलं. लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

फोन ठेवून ती म्हणाली, "उद्या सकाळी सातला त्यांना इस्पितळात न्या. एवढं औषध पोटात जाऊनही इतकं दुखतंय, म्हणजे आत काहीतरी असणार. उपाशीपोटी न्या."

"उपाशी कशाला?"

लिब्रादाने पेन टोपणात घातलं. "कदाचित पुन्हा उघडून बघावं लागेल."

घरी आल्यावर त्याने तिला निम्मंच सांगितलं. उद्या तपासायला बोलावलंय. सातुर्निना छताकडे बघत राहिली. पलंगाशेजारच्या स्टुलावर शेजारीण न्या ओब्दुलियाचं भांडं फडक्यात बांधून तयार होतं.

ओब्दुलियाला गावात मानाने 'न्या', म्हणजे बाई, म्हणत. ती त्यांच्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि एलादिओला ती कोम्पाद्रे म्हणायची. ती तीन घरं सोडून राहायची. रविवारपासून रोज सकाळी ती कोंबडीचा रस्सा घेऊन यायची, आणि संध्याकाळी एलादिओ भांडं परत करायचा. भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं, चाळीस वर्षांत एकदाही नाही. अंडी, कसाव्याचे कंद, पेरू, काही नाहीच मिळालं तर चार लिंबं. आजारातही सातुर्निनाने तो मान सोडला नव्हता. भांडं धुऊन माझ्याजवळ ठेव, फडकं मीच बांधणार, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घासायला तो, गाठ मारायला ती.

"आज काय घातलंस?" भांडं उचलताना त्याने विचारलं. ते हलकं होतं. रोजच हलकं होतं, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"आमचं बायकांचं असतं काहीतरी. तू जा."

न्या ओब्दुलिया दारातच बसली होती. उजवा पाय पुढे ताठ ठेवून. तिच्या खुब्याचं ऑपरेशन राजधानीत तीनदा पुढे ढकललं गेलं होतं. त्याबद्दल कुणी हळहळलं की ती विषय बदलायची, आणि कुणी मदत देऊ केली की भांडायची.

"या कोम्पाद्रे. तोंड का असं झालंय? कोमाद्रेने हाकलून दिलं वाटतं घरातून!"

त्याने सगळं सांगितलं. पुन्हा उघडण्याचंही. तुमच्या भाच्याची गाडी सकाळी मिळेल का, असंही विचारलं.

"आत्ता सांगते त्याला. अरे देवा!" तिने छातीवर क्रूस केला. बोलता बोलता सवयीने फडक्याची गाठ सोडली, झाकण उचललं, आणि आत न बघताच हात घालून कागदाची एक पुडी काढली. "बघा, स्वतः एवढी हैराण आहे, तरी मला विसरली नाही."

पुडीत दोन पांढऱ्या गोळ्या होत्या, मधे रेघ असलेल्या.

एलादिओ त्यांच्याकडे बघत राहिला. त्या कुठल्याही गर्दीत त्याने ओळखल्या असत्या.

"रोज पाठवते?"

"रविवारपासून. इस्पितळाने जास्तीच्या दिल्यात म्हणाली, उगाच वाया जातील. एरवी मी घेतल्या नसत्या, पण भांड्यातून आलेलं परत कसं करणार? आणि खरं सांगू? वर्षभरात पहिल्यांदा रात्रभर झोपले." ती थांबली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "जास्तीच्या नव्हत्या?"

"अठरा होत्या. सहा दिवसांच्या. बरोबर मोजून."

न्या ओब्दुलियाने पुडी त्याच्या मुठीत कोंबली. "जा! इथे उभे काय राहिलात? आणि त्या वेडीला सांगा, मी येतेय तिला बदडायला. जरा उशीर होईल, पायामुळे."

तो जवळजवळ पळत घरी आला. पुडी तिच्यासमोर उघडून धरली. आधी राग आला, पण तो पुढे टिकेना, कारण या गोळ्या आपल्याच डोळ्यांदेखत गेल्या होत्या. डोळ्यांदेखतही नाही. पाठीमागे. तो खूण करायला वळायचा, तेवढ्यात तिची मूठ मिटायची.

"तिचा पाय बघवत नाही रे," सातुर्निना म्हणाली. "त्या पायाने रस्सा घेऊन येते. आणि घरात दुसरं होतं काय, जे मी या पलंगावरून भांड्यात घालणार? रिकामं पाठवू?"

"उद्या तुला पुन्हा कापणार होते."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

त्याने एक गोळी तिच्या हातावर ठेवली आणि या वेळी वळला नाही. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "तोंड उघड. जीभ वर कर."

"मी काय घोडी आहे?"

"वर कर."

मग तो खुर्ची ओढून समोर बसला. घड्याळ बघत. गोळीने दुखणं उतरलं तर आत काही नाही. नाही उतरलं तर पुडी सापडून काहीच उपयोग नव्हता. वीस मिनिटं गेली. चाळीस. बाहेर कुणीतरी गाई हाकत नेत होतं. सातुर्निनाचे ओठ हळूहळू सैल पडत होते, की अंधारत आलं म्हणून तसं दिसत होतं, त्याला कळेना. त्याने दिवा लावला.

तासाभराने तिने उशी पोटाशी धरली आणि खोकली. खणखणीत, पोटातून, सबंध. मग आणखी एकदा. "आई गं," म्हणाली, पण चादर दाताखाली गेली नाही.

एलादिओने कॅलेंडर मांडीवर घेतलं. सातला इस्पितळात जायचंच होतं, पण आता डॉक्टरांच्या हातात खरा कागद द्यायला हवा होता. न्या ओब्दुलियाने सहा गोळ्या खाल्ल्या होत्या, तेही सांगायला हवं होतं. तिलाही त्याच गाडीत बसवायला हवं होतं, भांडली तरी.

"शनिवार दुपार?" त्याने विचारलं.

"खरी."

"शनिवार रात्र?"

"खोटी."

त्याने त्या खुणेभोवती गोल काढला. गोल वाकडा आला. "रविवार सकाळ?"

"सकाळच्या सगळ्या खऱ्या," ती म्हणाली. "सकाळी तू अंग पुसतोस ना, तेव्हा मी ओरडले असते."

मग तो नुसतं पेनचं टोक पुढच्या खुणेवर ठेवून तिच्याकडे बघत राहिला, आणि ती एकेक सांगत गेली.