बारावा नंबर

“अहो काका, स्क्रीनवर चक्क भोपळा दिसतोय. आता काठी घालून काय मोती निघणार आहेत?” मालकीणबाई पंपाच्या केबिनमधून ओरडल्या.

झिरोकाका गुडघे टेकून बसले होते. त्यांनी जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडलं, पितळी मोजकाठी फडक्याने पुसली आणि हळूहळू आत सोडली. “स्क्रीनला काय कळतंय?” ते पुटपुटले. “टाकी पुरली तेव्हा स्क्रीन नव्हती. मी होतो.”

एकतीस वर्षं ते या पंपावर डिझेल भरत होते. गिऱ्हाईक कुणीही असो, नळी लावण्याआधी त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, “झिरो बघा.” म्हणजे मीटर शून्यावर आहे, स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या आणि नंतर कुरकूर करू नका. लोकांनी मग त्यांचं नावच झिरोकाका पाडलं. बायको म्हणायची, “घरी चहा ओतताना तेवढं म्हणू नका, म्हणजे मिळवली.”

दुसरा नियम रांगेचा. तो तर त्याहून कडक. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी एकदा रांगेच्या शेपटाला उभं केलं होतं, आणि मेव्हणा पुढे दोन वर्षं घरी जेवायला आला नाही. “बरंच झालं, त्याला आमटी कधी आवडलीच नाही,” असं म्हणून बायकोने विषय संपवला होता.

आज रांग पार कोपऱ्यावरून वळून गेली होती. नऊ दिवस टँकर नव्हता. दूर कुठेतरी दोन देश हातघाईवर आले होते, त्यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रात जहाजं अडकून पडली होती, आणि त्या जहाजांत इथल्या पंपांचं तेल होतं. रांगेतले एक निवृत्त मास्तर सकाळपासून सगळ्यांना समजावत होते, “भांडण त्यांचं, समुद्र त्यांचा, आणि गाडी बंद आपली! आपल्या जमिनीत पुरेल इतकं तेल नाही. चूल आपली, पण काडेपेटी कायम शेजाऱ्याच्या खिशात.” लोक माना डोलावत होते. माना डोलावून इंजिन चालत नाही, हे मास्तरांनाही ठाऊक होतं.

काकांनी एकदाच मान वर करून रांग बघितली, आणि बाराव्या गाडीवर नजर जाताच पुन्हा खाली घातली. बारावी गाडी म्हणजे डायलिसिसच्या पेशंटना इस्पितळात नेणारी पांढरी व्हॅन. आत सहा जण होते. त्यातली खिडकीशी बसलेली त्यांची बायको.

परवाची तिची खेप डिझेलअभावी चुकली होती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, दोन वाक्यं बोलली की धाप लागत होती. आजचीही चुकली तर काय होईल, ते डॉक्टरांनी फोनवर काकांना स्पष्ट सांगितलं होतं. सकाळी व्हॅनवाला पुढे घुसायला निघाला, तर हिनेच त्याला दटावलं होतं, “माझ्या नवऱ्याच्या पंपावर रांग मोडायची नाही. लोक काय म्हणतील? बायकोची आली की नियम गेला?”

काठी वर आली. स्क्रीन खोटं बोलत नव्हती, पण तिला सगळं दिसतही नव्हतं. टाकी पुरताना एका अंगाला बोटभर कलली होती, आणि त्या खोलगट कोपऱ्यात पंपाच्या नळीला न पोचणारं थोडं डिझेल कायम साचून राहायचं. ही गोष्ट पुरणाऱ्यांना माहीत होती. ते सगळे गेले, काका उरले.

त्यांनी हातपंप लावला. पहिल्या डब्यात निव्वळ गाळ आणि पाणी आलं. दुसऱ्यात गढूळ. तिसऱ्या वेळी त्यांनी काठीच्या टोकाला पाणी लागलं की लाल होणारा लेप लावला, डब्यात बुडवला, आणि श्वास रोखून बाहेर काढला. लेप लाल झाला नाही. फडक्यातून गाळून पाच लिटरचं माप दोनदा भरलं, आणि मग हातपंपातून नुसती हवा यायला लागली.

दहा लिटर. व्हॅनला इस्पितळात जाऊन यायला बरोब्बर तेवढंच लागायचं.

काका माप घेऊन उभे राहिले. त्यांना रडू येत होतं, पण एकतीस वर्षांची जीभ आपल्या वळणावरच गेली. “दहा लिटर निघालंय. पहिला नंबर कोणाचा?”

“माझा,” टोमॅटोवाला म्हणाला. काल दुपारपासून त्याचा टेम्पो पहिला उभा होता. मागे पन्नास क्रेट टोमॅटो, आणि ऊन चढत चाललेलं. गडी उंचापुरा, तोंडाने फटकळ. दोन वर्षांपूर्वी याच टोमॅटोपायी त्याने रांगेत घुसायचा प्रयत्न केला होता आणि काकांनी त्याला चारचौघांत मागे धाडलं होतं.

“आण टेम्पो,” काका म्हणाले. आवाज त्यांनाच परका वाटला.

टोमॅटोवाला जागचा हलला नाही. “त्या दिवशी मी तुम्हाला काय काय शिव्या घातल्या, आठवतंय?”

“आठवतंय.”

“तुम्ही म्हणालात, नंबर ज्याचा त्याचा. बरोबर?”

“बरोबर.”

“मग माझा नंबर माझा. मी त्याचं काय वाटेल ते करीन.” त्याने व्हॅनकडे बोट दाखवलं. “काकूंशी अदलाबदल. त्या पहिल्या, मी बारावा. मोडला का तुमचा नियम?”

काकांनी टेम्पोकडे बघितलं. “अरे, टोमॅटो...”

“टोमॅटो पुन्हा लागतात हो. ओता आता, का मुहूर्त बघताय?”

माप व्हॅनपाशी नेऊन ओतलं, पण व्हॅन निघणार कशी? एकीकडे भिंत, पुढे अकरा गाड्या, एकमेकींना चिकटलेल्या, सगळ्यांच्या टाक्या कोरड्या. मास्तरांनी हातातला रिकामा डबा खाली ठेवला आणि शर्टाच्या बाह्या सरसावल्या. मग कुणी कुणाला काही सांगितलं नाही. ट्रकला वीस जण लागले. रिक्षा दोघांनी ढकलली. मालकीणबाई साडीचा पदर खोचून एका जीपला खांदा देत होत्या आणि हँडब्रेक न काढणाऱ्या जीपवाल्याचा उद्धार करत होत्या. एकेक गाडी पंपाच्या आवारात सरकली आणि वाट झाली.

खिडकीतून बायकोने हाक मारली, “अहो! रांग मोडली नाहीत ना?”

“नाही गं. विचार त्याला.”

तिने टोमॅटोवाल्याकडे बघून हात जोडले. बोलायला दम नव्हता. त्याने घाईघाईने दुसरीकडे बघितलं आणि टेम्पो ढकलायला माणसं गोळा करू लागला, बाराव्या जागेवर न्यायला.

संध्याकाळी व्हॅन परत आली. बायकोचा चेहरा उतरलेला, पण श्वास सरळ चालला होता. काकांच्या हातात टोमॅटोची पिशवी बघून ती म्हणाली, “विकत घेतलेत ना?”

“घेऊ देईना. रांगेत सगळ्यांना वाटत सुटलाय. म्हणतो, सडण्यापेक्षा पोटात जाऊ देत.” काका व्हॅनच्या पायरीवर बसले आणि आता मात्र मोकळेपणी रडले. “अगं, एकतीस वर्षं मला वाटायचं, हे लोक मला भितात म्हणून रांगेत राहतात.”

टँकर तिसऱ्या दिवशी सकाळी आला. तोवर उरलेले अर्धे क्रेट नासून गेले होते आणि टोमॅटोवाल्याने टेम्पो धुऊन काढला होता. पुढच्या दहा जणांनी त्याला पुढे ये म्हणून सांगून पाहिलं. तो हलला नाही. “बारावा म्हणजे बारावा. काका ओरडतील.”

दोन, तीन, चार... अकराव्या नंबरपर्यंत गाड्या भरल्या. प्रत्येकाला काका म्हणाले, “झिरो बघा.” मग रिकामा, ओला टेम्पो पुढे आला. काकांनी नळी लावली, मीटरकडे बोट केलं आणि तोंड उघडलं. शब्दच फुटेना.

टोमॅटोवाला खाली उतरला, त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि मीटरकडे न बघताच म्हणाला, “बघितला झिरो, काका. सोडा.”